कॅरिअर नसलेली सायकल

आक्का,

तुला जाऊन अकरा दिवस झाले. काल तुझा संजू माझ्यापुढे कागद आणि पेन ठेवून बसला. म्हणाला, "मावशी, तेराव्याला पत्रक वाटायचंय. आईच्या फोटोखाली चांगले दोन शब्द लिहून दे. आम्ही सगळे गुजराती शाळेतले. मराठी लिहिणारी घरात तूच एकटी."

चांगले दोन शब्द माझ्याकडे असते तर तू जिवंत असताना बोलले असते. त्याला तसं म्हटलं नाही. फोटोखाली घालायला एक ओळ दिली. ती तो छापेल, लोक वाचतील आणि त्याच कागदात बुंदी बांधून नेतील. बाकीचं मी या वहीत लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं, पण आता ती अडचण नसावी.

आपण सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावा. दोन भावांना दिलेल्या दोघी. लोकांना वाटतं अशा नात्यात फार गोडवा असतो. बावन्न वर्षं आपण एका भिंतीच्या दोन बाजूंना स्वयंपाक केला, आधी सुरतेत उधन्याच्या चाळीत, मग जवळच डिंडोलीत. तुझ्याकडे फोडणी पडली की ठसका मला लागायचा. इतक्या जवळ राहिलेल्या माणसाशी गोड राहता येत नाही.

गेल्या थंडीतली एक गोष्ट तुला सांगायची राहिली. मी सकाळी गिरणीवरून दळण घेऊन येत होते, पिशवी हँडलला. मागून रंगीत टोप्या घातलेली सात-आठ माणसं आली, हजारो रुपयांच्या सायकली, अंगाला चिकटलेले कपडे. त्यांतली एक बाई माझ्या बाजूने हळू चालवायला लागली. "माजी, तमे आ उंमरे सायकल केम चलावो छो? हेल्थ माटे?" मी म्हटलं, "ना बेन. मारी बहेन पर गुस्सो छे." ती इतकी हसली की तिचा तोल गेला. माझा फोटो काढला. तिला वाटलं म्हातारी गमतीची आहे.

बहिणीवर राग आहे म्हणून चालवते, हे मी खरं तेच सांगितलं होतं. दवाखान्यातले डॉक्टर इतर बायकांना माझे गुडघे दाखवतात आणि म्हणतात, ह्यांच्याकडून शिका. त्यांनाही वाटतं मी तब्येतीसाठी चालवते. मी सायकल रागाने शिकले आणि सोडली नाही तीही पुष्कळशी रागानेच. तो राग कुठला ते तुला माहीत होतं. कबूल मात्र तू कधी केलं नाहीस. म्हणून सुरुवातीपासून लिहिते.

मी अकरा वर्षांची होते, चौथीत. तू सुरतेला नांदायला जाऊन वर्ष झालं होतं. तुझं पत्र आलं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. घरात वाचता येणारी मी एकटीच. बाबांनी मला ओट्यावर बसवलं आणि मी मोठ्याने वाचायला लागले. इकडे सर्व खुशाल आहे. दोघे भाऊ बारा-बारा तास लूमच्या खात्यावर, म्हणजे कारखान्यात, असतात. मी खोलीत एकटी असते. इथली भाषा कळत नाही. बोलायला कोणी नाही. तरी माझ्या दिरासाठी धाकलीला ठरवून टाकावे, म्हणजे मला सोबत होईल.

मी शाळेत वाचायचे तसं ठासून वाचलं, पूर्णविरामाला थांबत. शेवटच्या ओळीला पोचल्यावर कळलं की धाकली म्हणजे मी. बाबा म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं. आई चुलीपुढून म्हणाली, "बरं होईल. दोघी एका ठिकाणी राहतील."

पाचवीची शाळा पुढच्या गावात होती. मुलं सायकलीने जायची. मास्तर घरी येऊन सांगून गेले होते की हिला पाठवा, हिची बुद्धी चांगली आहे. बाबांनी त्यांना तुझं पत्र दाखवलं. लग्न पुढे चार वर्षांनी झालं, पण शाळा त्या दुपारी संपली, आणि ती मीच वाचून संपवली.

हे मी तुला कितीदा ऐकवलं असेल. तू दर वेळी भाकरी थापता थापता म्हणायचीस, "मंग, कलेक्टर व्हनार व्हती का तू?" मी कलेक्टर झाले नसते. पाचवीत गेले असते. माझं म्हणणं तेवढंच होतं.

लग्नानंतर आपण सगळे एकाच गाडीने सुरतेला आलो. तू खिडकीची जागा मला दिलीस आणि नंदुरबारपासून बोलायला सुरुवात केलीस, ती उधना आलं तरी थांबली नाहीस. चार-पाच वर्षांचं साठलेलं होतं. पुढेही तेच. नळावर तुझ्याबरोबर, भाजीला तुझ्याबरोबर, तुझ्या बाळंतपणात तुझ्या उशाशी. तुला झोप आली नाही की भिंतीवर थाप मारायचीस आणि मी उठून यायचे. मी त्या घरची सून कमी आणि तुझी सोबत जास्त होते. सोबत म्हणून आणलेल्या माणसाला स्वतःचं काही असतं हे तुझ्या लक्षातच आलं नाही.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवते, नाहीतर खोटं होईल. मला मूल झालं नाही. गल्लीतल्या बायकांनी, सासरच्या लोकांनी, गावाकडून आलेल्या पाहुण्यांनी, सगळ्यांनी तोंड उघडायचा प्रयत्न केला. तू एकालाही पुरं बोलू दिलं नाहीस. संजूच्या बारशाला थोरली आत्या काहीतरी म्हणायला लागली, तेव्हा तू पाळण्यातलं मूल उचलून माझ्या मांडीवर दिलंस आणि आत्याला म्हणालीस, "तुम्ही जेवी घ्या, मंग बोला." संजूला तू जन्म दिलास आणि अंघोळी मी घातल्या. त्याबद्दल तू कधी एक वाकडा शब्द काढला नाहीस. हे मी तुला कधी बोलले नाही.

आता सायकलीचं. माझ्या नवऱ्याची सायकल काळी, दांड्याची. ते ती रविवारी रॉकेलच्या फडक्याने पुसायचे. रोज पहाटे स्टँड काढल्याचा खट्ट आवाज आला की मी समजायचे, निघाले. एकदा म्हटलं होतं, मला शिकवा. त्यांना ऐकू गेलं नाही. लूमच्या आवाजाने त्यांचे कान गेलेले होते, आणि काही गोष्टी त्यांना तशाही ऐकू यायच्या नाहीत. मी परत म्हटलं नाही.

ते खात्यावरच छाती धरून खाली बसले आणि उठले नाहीत. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची. आपल्या गावाकडे बाई तेरा दिवस घरात बसते आणि मग कामाला लागते, कारण न लागून सांगते कोणाला. तू मात्र पलीकडच्या सोसायटीतल्या कुठल्या म्हातारीकडून 'खूणो' शिकून आलीस. विधवेने कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायचं, सव्वा महिना. त्या म्हातारीच्या स्वतःच्या सुना ते पाळत नव्हत्या. इथल्या लोकांनी टाकून दिलेलं तू उचललंस, का तर आपण खानदेशातून आलेले मजूर, आपल्याला कोणी नावं ठेवू नयेत. मला तू धान्याच्या कोठीशेजारच्या कोपऱ्यात बसवलंस आणि वर म्हणालीस, "सव्वा महिना काय, असा जाई." तुझ्यासाठी गेला असता. भिंत मला बघायची होती.

आणि तेरावा दिवस. दानाला गादी, छत्री, चपला, तांब्या, काठी, सगळं तू आणलंस. मी भिंतीकडे तोंड करून बसलेले. बाहेर महाराजांचं, म्हणजे भटजींचं, चाललेलं. मग मला तो आवाज आला, खट्ट. तेरा दिवसांत पहिल्यांदा. एक क्षणभर वाटलं, निघाले. मग कळलं की सायकल निघाली आहे.

मी उठले. तोंडावरचा पदर मागे टाकला आणि पुरुषांच्या मधून बाहेर आले. तू सायकलीला हळद-कुंकू लावलं होतंस, हँडलला झेंडूची माळ. पुढून महाराजांनी हँडल धरलेलं. मी मागून कॅरिअर धरलं.

"ही द्यायची नाही," मी म्हटलं.

"हात सोड वं," तू हळूच म्हणालीस. "लोके देखी ऱ्हायनात."

"बघू दे."

"जनमभर सायकलवर गया तो. आते त्याले पायी धाडशी का?"

"तिथे त्यांना कुठलं खातं गाठायचंय? पोट माझ्या मागे राहिलंय. कामाला मला जायचंय."

महाराज म्हातारे होते. ते म्हणाले, "बाई, मला तर चालवता येत नाही. मी हातात धरूनच नेणार होतो. तुमचं काय ते आधी ठरवा."

तेव्हा तू ते बोललीस. सगळ्यांकडे बघत, मोठ्याने. "आनि तुले तरी येस का चालवता?"

लोक हसले. माझ्या नवऱ्याच्या तेराव्याला, ओट्यावर बसलेले पुरुष हसले. कोणीतरी म्हणालं, मागे कोणाला बसवणार ते विचारा. परत हसले. तू हसली नाहीस, ते मी बघितलं. पण हसू तुझ्या तोंडून निघालं होतं.

मी सायकल ओढली, महाराजांच्या हातातून सोडवली आणि आत नेली. कोपऱ्यात उभी केली आणि तिच्या शेजारी बसले. माळ तशीच होती. संध्याकाळी ती काढून मोरीत टाकली.

तू ती वाईट मनाने देत नव्हतीस. माझं लग्न व्हायच्या आधी चार-पाच वर्षं तूच त्यांना डबा बांधून दिला होतास. त्यांचे पाय शेवटी किती सुजायचे ते तुला माहीत होतं. तुला खरंच वाटत होतं की त्यांना वर चालायला लागू नये. हे मला त्या दिवशीही कळत होतं. कळलं म्हणून राग जातो असं कोणी सांगितलं?

चौदाव्या दिवशी मी कोपरा सोडला. तोवर आपण डिंडोलीत राहायला आलो होतो. उधन्याला लूमवरच्या माणसांची एक खानावळ होती, तिथे पोळ्या लाटायचं काम धरलं, सकाळ-संध्याकाळ. सुरुवातीला पायी जायचे. रिक्षात आठ-आठ माणसं कोंबतात, आणि त्यात कोणाची मांडी कुठे लागते ते बसणारीलाच माहीत. येऊन जाऊन पाय भरून यायचे. घरी सायकल उभी. तुझा प्रश्न तिच्यापाशी उभा. येस का चालवता.

शिकवायला कोणाला बोलवलं नाही. आठ दिवस ती नुसती हाताने धरून फिरवली, गाय चारायला नेतात तशी. मग पहाटे रेल्वेच्या कडेच्या मोकळ्या प्लॉटवर. आई लुगडं नेसायची तसा साडीला काष्टा मारला. दांड्यावरून पाय टाकायचं धाडस नव्हतं, म्हणून दांड्याखालून पाय घालून चालवायला बघितलं, पोरं कैची चालवतात तसं. चव्वेचाळीस वर्षांची बाई कैची चालवते म्हटल्यावर दूध घ्यायला आलेली माणसं थांबून बघायची. मी पडायचे, उठायचे. एकदा गरनाळ्याच्या उतारावरून, तो रेल्वेखालून जाणारा रस्ता आहे ना, तिथून जी सुटले ती भिंतीवर जाऊन आदळले. कोपर सोललं, दात ओठात गेला.

त्या संध्याकाळी माझ्या उंबऱ्यावर हळद-चुन्याची वाटी होती. तू ठेवली होतीस. मी ती लावली नाही. वाटीही परत केली नाही, अजून माझ्याकडे आहे, मीठ ठेवते तिच्यात.

महिन्याने मी दांड्यावरून पाय टाकून सीटवर बसले आणि गल्लीत आले. तू ओट्यावर मेथी निवडत होतीस. मी तुझ्यासमोरून गेले, टोकाला वळले, परत तुझ्यासमोरून गेले. तू मान वर केली नाहीस. म्हणालीस, "म्हतारपनमा शिंगं फुटनात." मी तेवढ्यासाठीच शिकले होते. तुझ्या त्या एका वाक्यासाठी.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन कॅरिअर काढून घेतलं. दुकानदार म्हणाला, काकी, लोक लावायला येतात, तुम्ही काढायला आलात. मी म्हटलं, मागे कोणाला बसवायचं नाही. घरी येऊन ते मोरीवर खिळ्याला अडकवलं आणि त्यात ताटं ठेवायला लागले. चांगलं बसलं. तेवीस वर्षं ताटं त्यातच निथळली. तू आलीस की तुझी नजर आधी तिथे जायची.

इथवर नुसता राग होता. रागावर महिनाभर चालवता येते, वर्षभर चालवता येते, तेवीस वर्षं नाही. पुढचं मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तुला लागलं असतं. त्या वेळी लागावं असं वाटायचं, तरी सांगितलं नाही.

गरनाळ्याच्या पलीकडे चढ संपला की उधन्यापर्यंत रस्ता सरळ आहे. तिथे पहिल्या पावसाळ्याच्या आधी एक दिवस मला कळलं की माझ्याशी कोणी बोलत नाहीये. बाजूला कोणी नाही, मागे कोणी नाही. कोणाचं ऐकायचं नाही, कोणासाठी थांबायचं नाही, कोणाचा हात धरायचा नाही. पंधरा वर्षांची असताना सुरतेला आले, तेव्हापासून मी कोणाची तरी सोबत होते. तुझी, मग त्यांची, मग तुझ्या मुलांची. त्या रस्त्यावर मी कोणाचीच नव्हते. वीस-पंचवीस मिनिटं. खानावळीत पोचले की परत काकी, घरी आले की परत मावशी. मधली वीस-पंचवीस मिनिटं माझी. सायकल मी त्यासाठी सोडली नाही. खानावळ बंद झाली, काम सुटलं, तरी रोज एकदा उधन्यापर्यंत जाऊन यायचे. तू संजूला म्हणायचीस, ही रिकामी कुठे जाते. मी एकटी असायला जायचे, आक्का. तुझ्यापासून लांब.

आणि परत येताना वळणावर घंटी वाजवली की तुझी हाक यायची. "उनी का वं?" आली का गं, एवढंच. रोज. मी उत्तर दिलं नाही. घंटी उत्तर म्हणून वाजवत नव्हते. ते वळण आंधळं आहे, वाजवावीच लागते.

मग तुझे गुडघे गेले. दाजी आधीच गेले होते. तू ओट्यावरच्या खाटेची झालीस. गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी मी सायकल काढत होते, तेव्हा तू म्हणालीस, "धाकले, माले उधना ठेसनवर लई चाल."

"कशाला?"

"भुसावळनी गाडी देखनी शे." आपल्या मुलखात जाणारी.

"संजूच्या गाडीवर जा."

"फटफटीवर माले चक्कर येस."

"मग रिक्षाने जा."

"रिक्षा नको. तुन्या मांगे बसस."

मी म्हटलं, "कॅरिअर नाही."

"ताटं खाले ठेव, कॅरिअर लाव."

तुझी नात किंजल दारात दात घासत उभी होती. ती तोंडातला फेस सांभाळत म्हणाली, "धाकली आजी, लगावी दे ना. आजी केटली वजनदार छे, टायर फाटशे." लाव ना, आजी किती जड आहे, टायरच फुटेल, म्हणे. तू तिला चप्पल दाखवलीस.

मी म्हटलं, "लावते. आधी म्हण, चुकलं."

"काय चुकनं?"

"तुला माहीत आहे."

तुला सगळं माहीत होतं. पत्र, कोपरा, ते हसू. तिन्हींतलं कुठलंही एक म्हटलं असतंस तरी मला चाललं असतं. तू म्हणालीस, "तू आधी म्हन, आक्का तू माले सुरतले आनं ते बरं करं."

मी म्हटलं, "ते मी म्हणणार नाही."

"मंग मी बी नई म्हनस."

किंजल म्हणाली, "बेउ गांडी छो." दोघी वेड्या आहात. आणि चूळ भरायला आत गेली.

त्यानंतर आपण रोज तेवढंच बोलायचो. मी सायकल काढली की तू विचारायचीस, "म्हनस का?" मी म्हणायचे, "तू म्हण." तू तोंड फिरवायचीस. मला वाटलं थंडी संपेपर्यंत तू वाकशील. तुला वाटलं असेल मी वाकेन. दोघींना वाटलं, वेळ आहे.

फाल्गुनात मी ताटं खाली ठेवली. कॅरिअर मोरीवरून काढलं. तेवीस वर्षांचं पाणी लागून पार गंजलं होतं. राखेने घासलं, घासलेट लावलं, चार बोल्ट नवीन आणले. आणि लावलं नाही. खाटेखाली ठेवलं. तू म्हणशील त्या सकाळी लावणार होते. बोल्ट आवळायला किती वेळ लागतो.

तू गेलीस त्या दुपारी मी उधना स्टेशनवर होते. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. भुसावळकडे जाणारी गाडी किती वाजता येते, किती वेळ थांबते आणि फाटकापर्यंत सायकल आत नेऊ देतात का, एवढं विचारायला गेले होते. याचा अर्थ मी म्हणणार होते असा घेऊ नकोस. मी नुसतं विचारलं. चहाच्या टपरीवाल्याने सांगितलं, "माजी, फाटकाजवळून पण दिसते गाडी. बसायला कठडा आहे." मी कठडा बघून आले. तुझ्या गुडघ्यांना तो उंच पडला असता. काहीतरी खाली ठेवावं लागलं असतं.

वळणावर घंटी वाजवली. तुझी हाक आली नाही. मी परत वाजवली. मग तिसऱ्यांदा. मग वळण घेतलं, आणि गल्लीत माणसं उभी होती.

संजू म्हणतो, जेवून आडवी झाली आणि झोपेतच गेली, भाग्याचं मरण. असेल. मला त्याच्याशी काय करायचंय. तू न म्हणता गेलीस. जिंकलीस असं तुला वाटत असेल तर तसं नाही, कारण मीही म्हटलेलं नाही.

उद्या नाही, परवा तेरावं. संजूने सामान आणलंय. गादी, छत्री, चपला, तांब्या, काठी. चपला त्याने मऊ बघून आणल्या, तुझ्या गुडघ्यांसाठी. काल हळूच विचारलं, "मावशी, अजून काही द्यायचं का?" विचारताना तो सायकलीकडे बघत नव्हता. माझ्या नवऱ्याच्या तेराव्याला तो जाणता होता, त्याला सगळं आठवतं.

सायकल मी देणार नाही. आज सकाळीही घेऊन गेले होते. अकरा दिवस रस्ता तोच आहे, वीस-पंचवीस मिनिटंही तीच. फक्त आता कोणापासून लांब जाते आहे ते कळत नाही. सवय व्हायला वेळ लागेल. होईल.

कॅरिअर देणार आहे. गादीच्या शेजारी ठेवीन, चारी बोल्ट पुडीत बांधून. महाराज आता दुसरे आहेत, तरुण. ते विचारतील, हे काय. मी म्हणेन, माझ्या बहिणीचं आहे. लोक हसले तर हसू दे. हसायचे ते एकदा हसून झालेत.

वर तुला तुझा दीर भेटेल. त्याच्याकडे सायकल नाही, मी दिली नव्हती. तो पायीच गेला, तूही पायीच जा. सायकल माझ्याबरोबर येईल, तीही मी येईन तेव्हा. मग बघू कोण काय म्हणतं.

तोवर कॅरिअर हातात धरून उभी राहा. मी एकदा राहिले होते, सगळ्यांच्या देखत. आता तू राहा.